गाळाची साक्ष काढा

समुद्र सर्व काही पोटात घालतो, असे म्हणावयाची आपल्याकडे रूढी आहे. नद्यांचा गढूळपणा, विसर्जनाच्या मूर्ती, शहरांचे मैलापाणी, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत कारखान्यांची नाना रंगांची व नाना दर्पांची सांडपाणी, हे सारे त्याने निमूटपणे स्वीकारावे आणि आपण घरी येऊन स्वस्थ झोपावे, असा हा मोठा सोयीचा समज आहे. ‘पोटात घालणे’ या शब्दप्रयोगाचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात; एक गिळणे आणि दुसरा क्षमा करणे. समुद्राच्या बाबतीत आपण पहिल्याचा परस्पर दुसरा अर्थ करून घेतला आहे. त्याने गिळले हे खरे. पण क्षमा केली, हे आपणांस कोणी सांगितले? त्याचे पोट म्हणजे खाडीच्या तळाचा गाळ. त्या गाळास आजवर आपण काही विचारलेच नाही. तो विचारावा, आणि ज्याचे सारे आयुष्य त्या गाळात जाते अशा एका तांदळाएवढ्या जिवाच्या मुखाने विचारावा, एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

औंधच्या माणसाने खाडीची उठाठेव का करावी, असे कोणी म्हणेल. यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर उभे राहून कितीही डोळे ताणले तरी समुद्र दिसत नाही. आमच्या परिसरातील पावसाचे पाणी येरळेत जाते, येरळेचे कृष्णेत, आणि कृष्णा तर पार पूर्वेकडे जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. मग कोकणच्या चिखलाशी आमचा संबंध कोठून आला? तो कोयनेने आणला. कोयना ही आमच्या सातारा जिल्ह्याची नदी. तिचे पाणी अडवून, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस नेऊन, पोफळी येथे 1962 पासून वीज निर्माण होऊ लागली. कृष्णेच्या पाणीतंट्याचा निर्णय देणाऱ्या बच्छावत लवादाने या कामासाठी वर्षाकाठी 67.5 अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळविण्यास मान्यता दिली. वीज करून झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीत पडते, चिपळूणवरून, गोवळकोटच्या खालून वाहत जाते, जगबुडीस भेटते आणि दाभोळ-अंजनवेल येथे समुद्रास मिळते. म्हणजे महाबळेश्वराकडून येणारे आमचे पाणी दाभोळच्या खाडीत जाते. घरातील मुलगी दिल्या घरी कशी आहे याची चौकशी करणे यास उठाठेव म्हणत नाहीत.

शिवाय आमच्याकडच्या आठवड्याच्या बाजारात सुका जवळा, सुकट आणि बोंबील येतात ते घाटाखालूनच येतात. ज्यांच्या घरी हा व्यवहार चालत नाही त्यांनीही पुढे वाचावे; कारण प्रश्न जिभेचा नसून पुराव्याचा आहे.

वाशिष्ठी आणि जगबुडी यांच्या मधल्या भागात, खेड तालुक्यात, लोटे-परशुराम ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे रासायनिक कारखान्यांची दाटी आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे सामूहिक केंद्र आहे, आणि प्रक्रियेनंतरचे पाणी वाहिनीने करंबवणे येथे खाडीत जाते. खाडीकाठचे मासेमारी करणारे भोई अनेक वर्षे सांगत आले आहेत की मासे मरून वर येतात आणि जाळ्यात पूर्वी येत ते जीव आता येत नाहीत. यावर दरवेळी घडते ते वाचकांच्या परिचयाचे आहे. पाण्याची बाटली भरली जाते, प्रयोगशाळेत जाते, काही दिवसांनी आकडे येतात, आणि त्या आकड्यांवरून एक पक्ष म्हणतो की दोष सिद्ध झाला नाही, आणि दुसरा पक्ष मेलेली मासळी हातात धरून उभा राहतो. आम्ही कोणत्याही कारखान्याचे नाव घेऊन आरोप करीत नाही. तसा आरोप करण्याजोगा पुरावाच या पद्धतीने हाती येत नाही, हीच तर आमची तक्रार आहे.

बाटलीचा दोष असा की ती त्या क्षणापुरती खरी असते. नमुना घेणारा मनुष्य कितीही प्रामाणिक असो, त्याची बाटली भरतीची की ओहोटीची, आषाढातील की चैत्रातील, यावर निकाल फिरतो. रात्री दोन वाजता सोडलेले पाणी सकाळी दहाच्या बाटलीत सापडत नाही. तोवर ते अंजनवेलच्या पलीकडे गेलेले असते. पण जाता जाता ते आपला ठेवा ठेवून जाते. मातीच्या अतिसूक्ष्म कणांस तांबे, शिसे, पारा, कॅडमियम हे धातू चिकटतात. तेलकट स्वभावाची सेंद्रिय विषे कणांबरोबरच्या कुजक्या पदार्थांत मुरतात. गोडे पाणी खाऱ्यास मिळते तेथे हे कण एकमेकांस धरून जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून खाडी ही नुसती वाट नव्हे, ती वखार आहे. पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. पाणी ही रोजकीर्द; गाळ ही खतावणी. रोजकिर्दीचे आजचे एक पान पाहून पेढी सचोटीची आहे असा दाखला देणाऱ्या हिशेबनिसास कोणता मालक ठेवून घेईल? आपण मात्र पन्नास वर्षे हेच करीत आलो आहोत.

खतावणी किती जुनी बाकी दाखवते याचे उदाहरण जपानात मिळते. मिनामाता उपसागरात पारा सोडणारे उत्पादन 1968 साली बंद पडले. त्यापूर्वी 1956 सालीच तेथील रोगाची अधिकृत नोंद झाली होती. आणि तरी तळाचा पारा असलेला गाळ उपसण्याचे व गाडण्याचे काम 1977 पासून 1990 पर्यंत चालू राहिले. पाणी केव्हाच निवळले होते.

आपला कायदा याबाबतीत काय म्हणतो? तो अगदीच आंधळा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पर्यावरण संरक्षणाच्या 1986 च्या नियमांत सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांमध्ये एक जिवंत कसोटी आहे: कारखान्यातून निघणारे पाणी काही न मिसळता घ्यावे, त्यात मासे सोडावेत, आणि 96 तासांनंतर शंभरांतील नव्वद जिवंत असावेत. ज्याने ही ओळ लिहिली त्यास आम्ही नमस्कार करतो. कारण त्याने आकड्यांपेक्षा जिवाची साक्ष मोठी, हे तत्त्व मान्य केले. परंतु तत्त्व मान्य करून तो तेथेच थांबला. मासा पाण्यात पोहतो, चार दिवस पोहतो, आणि नळाच्या तोंडाशी पोहतो. तीस वर्षांत तळाशी जे साचले त्याच्याशी त्याची गाठच पडत नाही. पाण्यास मानक आहे. गाळास त्या कोष्टकात रकानाच नाही.

आता ज्याची साक्ष काढावी असे आम्ही म्हणतो त्या साक्षीदाराची ओळख करून देतो. शास्त्रज्ञ त्यास अँफिपॉड म्हणतात. तो खेकडा व कोळंबी यांच्या कुळातला, म्हणजे कवचधारी. पण लांबी बहुधा अर्धा ते एक सेंटिमीटर. अंगाने पुष्कळदा दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, पाठीत वाकलेला, आणि चालण्याचे निराळे व पोहण्याचे निराळे असे दोन तऱ्हांचे पाय असलेला. किनाऱ्यावर कुजलेले शेवाळ उचलले असता टणाटण उड्या मारणारे बारीक जीव पुष्कळांनी पाहिले असतील; ते याचेच भाऊबंद. यांतील कित्येक जाती खाडीच्या गाळात बीळ किंवा नळी करून राहतात. गाळातलेच कण खातात, कणांमधले पाणी श्वासासाठी कल्ल्यांवरून फिरवतात, आणि मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वागवते. पिल्ले बाहेर पडतात ती आईच्याच आकाराची, आणि तेथेच राहतात. कोळंबीचे पोर प्रवाहाबरोबर दूर वाहत जाते, मासा विष जाणवताच पळ काढतो. या गरिबास पळावयास जागा नाही. जे त्याच्या गाळात आहे ते त्याच्या अंगात आहे. आणि हा सोशिकही नव्हे. गाळ बिघडला म्हणजे कित्येक जातींचे कृमी तग धरून राहतात, हा मात्र पहिल्यांदा नाहीसा होतो. साक्षीदाराच्या अंगी जे गुण हवेत ते सर्व येथे आहेत: तो घटनास्थळीच राहतो, त्यास लाच देता येत नाही, आणि त्यास खोटे बोलता येत नाही.

परीक्षा कशी करतात ती पाहावी. ती इतकी साधी आहे की आपल्या जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्राच्या दालनातही होऊ शकेल. खाडीच्या तळाचा वरचा थर आणावयाचा, थंड व काळोख्या जागी ठेवावयाचा, त्यातले मूळचे जीव चाळून काढावयाचे. लिटरभराच्या काचपात्रात दोन सेंटिमीटर जाडीचा गाळ, वर स्वच्छ खारे पाणी, आणि त्यात हळूहळू हवा. एकेका पात्रात वीस जीव, एकाच गाळाची अशी पाच पात्रे, म्हणजे शंभर. दहा दिवस थांबावयाचे. अकराव्या दिवशी गाळ चाळून जिवंत किती ते मोजावयाचे. याच वेळी शेजारी स्वच्छ गाळाची पाच पात्रे तशीच ठेवलेली असतात, आणि तेथे शंभरांपैकी निदान नव्वद जगले नाहीत तर सारी परीक्षाच रद्द समजतात. आमच्या मते या पद्धतीचे सौंदर्य या शेवटच्या अटीत आहे. परीक्षक येथे आधी स्वतःची परीक्षा देतो. काही ठिकाणी आणखी एक पायरी करतात. वाचलेल्या जिवांस ताज्या स्वच्छ गाळावर सोडतात आणि तासाभरात ते पुन्हा बिळात शिरतात की नाही ते पाहतात. जो जगला पण बीळ करण्याचे विसरला, तो खाडीत माशाच्या तोंडी जावयास वेळ लागत नाही.

ही आमची कल्पनेची भरारी नव्हे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील न्यूपोर्ट येथे स्वार्ट्झ व त्यांचे सहकारी यांनी 1985 च्या सुमारास ‘ऱ्हेपॉक्सिनियस’ नावाच्या अँफिपॉडावर ही दहा दिवसांची परीक्षा बसविली. 1991 साली वॉशिंग्टन राज्याने आपल्या गाळाच्या मानकांतच तिला स्थान दिले. त्याच वर्षी तेथील केंद्र सरकारच्या खात्यांनी बंदरातील उपसलेला गाळ समुद्रात टाकण्यापूर्वी करावयाच्या कसोट्यांत अशा जिवांची कसोटी सांगितली, आणि स्वच्छ गाळापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक मृत्यू झाले तर तो धोक्याचा इशारा मानावा असे ठरविले. इंग्लंड-हॉलंडकडे ‘कोरोफियम’ नावाची चिखलातली जात याच कामी लागली. चाळीस वर्षांची ही विद्या आहे. तिच्यात गुप्त असे काही नाही.

यावर पहिला आक्षेप रसायनशास्त्रज्ञांकडून येतो, आणि तो आम्ही हलका मानत नाही. ते म्हणतात, गाळातील धातू आम्ही मोजतोच की! ठाण्याच्या खाडीच्या गाळातील धातूंवर निबंध काय थोडे झाले? झाले आहेत, आणि ते उपयोगाचे आहेत. पण किती धातू आहे हा एक प्रश्न, आणि तो किती मारक आहे हा दुसरा. गाळातील गंधकाची संयुगे कित्येक धातूंस जखडून ठेवतात. 1990 साली डी टोरो आदी संशोधकांनी कॅडमियम घेऊन, याच अँफिपॉडांवर, असे दाखविले की जखडून ठेवणाऱ्या गंधकापेक्षा धातू कमी असेल तोवर जीव मरत नाहीत. तो वरचढ झाला की मरू लागतात. म्हणजे मोठा आकडा निरुपद्रवी असू शकतो, आणि, हे अधिक भयंकर, लहान आकडा प्राणघातक असू शकतो. शिवाय जे द्रव्य कोष्टकात नाही ते रसायनशास्त्रज्ञ शोधणारच नाही. जिवास कोष्टक ठाऊक नसते, तो सगळ्यांच्या एकत्र माऱ्याने मरतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. जीव मेला, पण कशाने, हे तो सांगत नाही. गाळाचा भरडपणा, त्यातला नैसर्गिक अमोनिया यांनीही तो मरू शकतो. म्हणूनच जाणते लोक तिन्ही गोष्टी एकत्र पाहतात: रसायन, जिवाची परीक्षा, आणि त्या जागी प्रत्यक्षात कोणते जीव उरले आहेत याची गणती. आमचे भांडण रसायनाशी नाही. रसायन एकटेच न्यायासनावर बसते याच्याशी आहे.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा. ओरेगॉनच्या थंड वाळूतला प्राणी दाभोळच्या चिखलाचा न्याय काय करणार? बरोबर आहे, करू नये. पण मग आपला शोधावा. आपल्याकडे हे जीव नाहीत असे थोडेच आहे? चिल्का सरोवरातील अँफिपॉडांचे वर्णन चिल्टन या प्राणिशास्त्रज्ञाने 1921 सालीच प्रसिद्ध केले, आणि त्यातील एका जातीच्या नावात चिल्का आजही आहे. गोव्यास दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. विद्या आहे, माणसे आहेत, प्राणी आहेत. नाही तो आग्रह. अर्थात निवड सोपी नाही. आमच्या खाड्यांत ज्येष्ठात पाणी खारट आणि आषाढात जवळजवळ गोडे. त्यात वाशिष्ठीस तर कोयनेचे गोडे पाणी बारमाही मिळते. जो प्राणी केवळ पाणी गोडे झाल्याने मरेल तो येथे कुचकामाचा. खारे-गोडे दोन्ही सोसणारा आणि विष मात्र न सोसणारा, असा साक्षीदार हवा. तो निवडावयास काही वर्षे लागतील. ती वर्षे कधीतरी सुरू झाली पाहिजेत.

तिसरा आक्षेप ऐकला की आम्हांस हसू येते. म्हणे, अशा परीक्षांनी उद्योगधंदे बसतील! हे औंधकरांस सांगावे काय? 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली ती औंधच्याच अधिपतींनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. कारखान्याचा द्वेष आमच्या मातीत नाही. पण ज्या नांगरांनी त्या माळाचे नाव झाले ते शेतात चालवून, मोडतात की टिकतात हे पाहूनच शेतकऱ्याने घेतले. कारखानदाराच्या शब्दावर घेतले नाहीत. कारखान्याच्या मालाची परीक्षा चालते, मग त्याच्या मैलाची का चालू नये? आणि जो कारखाना खरोखर स्वच्छ वागतो त्यास तर या परीक्षेचा लाभच आहे. आज शेजाऱ्याच्या पापात तोही सरसकट धरला जातो.

जीवहिंसेचा आक्षेप एका स्नेह्यांनी तोंडी घेतला. शंभर-दोनशे जीव काचेत मारणे त्यांस बरे वाटेना. त्यांच्या कोमलतेचा आदर ठेवून आम्ही इतकेच म्हणालो की ज्या खाडीत ते कोट्यवधींनी नाहीसे होत असतील तेथली गणती मात्र कोणी करीत नाही. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे दिसले नाही.

चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी महापूर आला, आणि त्यानंतर वाशिष्ठीतील गाळ उपसावा म्हणून नागरिकांनी मोठे आंदोलन केले. ते योग्यच होते. त्या काळात गाळ किती घनमीटर निघाला हा आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी होता. तो गाळ कसा आहे, हा प्रश्न आमच्या तरी कानी आला नाही. वरच्या अंगाचा तो गाळ बहुतांशी डोंगरउताराची माती असावी. पण खालच्या खाडीतील उपसा निघेल तेव्हाही प्रश्न घनमीटरांपाशीच थांबणार काय?

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा आपला कायदा 1969 सालीच केला, आणि त्यासाठीचे मंडळ 1970 मध्ये स्थापिले. केंद्राचा कायदा त्यानंतर, 1974 साली, आला. पाण्याच्या बाबतीत जो प्रांत देशाच्या पुढे चालला त्याने गाळाच्या बाबतीत दिल्लीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही. आमची मागणी मोजकी आहे. गोवळकोटपासून अंजनवेलपर्यंत खाडीत ठरावीक जागा नेमाव्यात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तेथील गाळ उचलावा, आणि तो उचलताना भोई समाजाचा एक माणूस नावेत असावा. कोणता चिखल कधीपासून मेला हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नाही. परीक्षा करणारा, सांडपाणी सोडणाऱ्याचा अथवा ते तपासणाऱ्याचा मिंधा नसावा. पात्रांवर जागेची नावे न घालता खुणा घालाव्यात, म्हणजे मोजणाऱ्यासही कोणता गाळ कोठला ते कळू नये. निकाल मराठीत छापून खाडीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागावा. खर्चाचा काही भाग कोयनेच्या विजेवर बसवावा. आमच्या घरातील दिवे त्या पाण्याने लागतात, तेव्हा आम्हीही त्यात आलो.

एक अडचण मात्र लवकर सोडविली पाहिजे. या परीक्षेस तुलनेसाठी स्वच्छ गाळ लागतो, आणि तो त्याच जातीच्या मातीचा, त्याच किनाऱ्यावरचा, खऱ्या अर्थाने अस्पर्श असा लागतो. तो बाजारात मिळत नाही आणि प्रयोगशाळेत करता येत नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्गाच्या ज्या लहान खाड्यांच्या काठी अद्याप वसाहत आलेली नाही, तेथे तो असण्याचा संभव आहे. कोणत्या खाडीत आहे ते याच हिवाळ्यात पाहून ठेवावे. त्यांतील काहींच्या काठी मोजणीचे दगड आताच बसू लागले आहेत.